झॉम्बी जावयाला मारायचं कोणी?

सासुरवाडीच्या लोकांनी मला मरू दिलं नाही, त्यामुळे एका गुणी मुलीचं भविष्य धोक्यात आलं होतं.

ती मुलगी म्हणजे केतकी, माझ्या मेहुण्याची, प्रकाशची लेक. (आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात, म्हणून मी तिचा मामाजी.) तिला स्वस्तातल्या झॉम्बी सिनेमांचं भयंकर वेड. स्वस्तातल्या म्हणजे किती? मुडदे जमिनीतून उठून गावावर चालून येतात आणि त्यातल्या एकाच्या स्लीपरला सेफ्टी पिन लावलेली असते, इतक्या स्वस्तातल्या! मागच्या दिवाळीत तिने मला मोबाईलवर असा एक सिनेमा दाखवला. मी अमरावतीला शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे मला सगळीकडे तर्क लागतो. पण त्यातला एक झॉम्बी गोळी लागून पडला, पाठीला खडा टोचला म्हणून त्याने तो उचलून बाजूला ठेवला, आणि मग मेला. मी हसता हसता पलंगावरून खाली आलो! मोठ्या सिनेमात सगळं झाकलेलं असतं. इथे कोणी काही झाकतच नाही, चार घरच्यांनी मिळून भातुकली मांडावी तसा कारभार. मला ते फार आवडलं, अगदी मनापासून.

"मामाजी, मले असाच पिच्चर काढायचा हाये," केतकी म्हणाली. "अन् पुण्याले जाऊन सिनेमाचा कोर्स करायचा हाये."

प्रकाशला मात्र तिने बी.एड. करायला हवं होतं. आठ-पंधरा दिवस घरात रुसवेफुगवे झाले, जेवणावर बहिष्कार झाला, तेव्हा कुठे तो एका अटीवर आला.

"एक रविवार देतो तुले. दिवस मावळाच्या आत पुरा पिच्चर करून दाखव. पुरा म्हंजे शेवटासकट! झाला तं जाय पुण्याले. नाई झाला तं गुपचूप बी.एड."

मुख्य झॉम्बीचं काम केतकीने मला दिलं. मी आढेवेढे घेतले नाहीत. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी एकदा पडदा ओढला होता, तेव्हापासून रंगभूमीशी माझं जवळचं नातं आहे.

रविवारी सकाळी आम्ही नवराबायको मूर्तिजापूरजवळच्या त्या गावात हजर झालो. सिनेमाचं बजेट म्हणजे सासूबाईंचं स्वयंपाकघर. तोंडाला ज्वारीचं पीठ फासलं, रक्त म्हणून गुळाच्या पाकात लाल रंग कालवून हनुवटीवरून सोडला. चिंचा झोडायच्या बांबूला मोबाईल बांधून कॅमेरा तयार केला. पाक लावताच गावातल्या समस्त माश्यांना माझा पत्ता लागला. त्यात शेजारची बकरी आली आणि माझा डावा गाल चाटून स्वच्छ करून गेली! (सिनेमा नीट पाहिलात तर झॉम्बी काही ठिकाणी फक्त उजवीकडून मेलेला दिसतो.)

"अवो, शर्ट नवा हाये, जपून मरा!" ओट्यावरून सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, एकमेव सूचना केली.

कथा सोपी होती. झॉम्बी कपाशीच्या वावरातून येतो, गावावर हल्ला करतो, लोक किंचाळत पळतात, आणि शेवटी सुनंदाचा चुलतभाऊ बाळूभाऊ त्याला तुराटीने मारतो. तुराटी म्हणजे तुरीची वाळकी काडी, लागत नाही, नुसती मोडते.

केतकी ओरडली, "ॲक्शन!" मी हात पुढे करून "आऽऽ आऽऽ" करत गल्लीत शिरलो. पहिल्याच दारात शांताकाकू भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी किंचाळायचं होतं. त्या लगबगीने उठल्या आणि डोक्यावर पदर घेतला.

"या ना जवाईबापू! कवा आले? उन्हातान्हाचे असे कायले फिरून राहिले?"

"आऽऽ!"

"दाढ दुखते का? थांबा, लवंग आनतो. बसा, च्या टाकला हाये."

"काकू, तुमी पळा ना!" केतकी कळवळून म्हणाली.

"दारात जवाई आल्यावर पळून जाऊ? लोक काय म्हंतीन मले?"

पुढच्या दारात पाय धुवायला पाणी आलं. त्याच्या पुढच्या घरात पाट मांडला गेला आणि मला कुंकू लावलं गेलं. एक आजोबा तर रीतसर घाबरून पळाले, तेवढ्यात त्यांना आठवलं की मी अमरावतीचा जावई, म्हणून ते परत आले आणि राम राम करून पुन्हा पळाले! गावावर हल्ला करता करता माझ्या पोटात इतका चहा गेला की चालताना डुचमळल्याचा आवाज यायला लागला. पण केतकी खूश होती. "असंच ठेवू, मामाजी. हेच भारी वाटून राहिलं."

खरी पंचाईत दुपारनंतर झाली. शेवटचा प्रसंग, झॉम्बीचा वध. बाळूभाऊ मिशीला पीळ देऊन तुराटी उगारून उभे राहिले. मी डोळे मिटले. काहीच झालं नाही. डोळे उघडून पाहिलं तर तुराटी खाली आणि बाळूभाऊ घामाघूम.

"नाई जमत बा आपल्याले," ते म्हणाले. "गावच्या जवायाले काठी लावू? सात पिढ्या नरकात जातीन माह्या."

"काका, तो जवाई नाई, मुडदा हाये!" केतकी म्हणाली.

"मेला तरी जवाई तं जवाईच रायते ना!"

मग दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. पण मी पडलो अख्ख्या गावाचा जावई. माझ्यावर हात उगारायला गावात एक माणूस तयार होईना! "मी मारते," सुनंदा पदर खोचून उत्साहाने पुढे आली, तर सासूबाईंनी तिला दटावलं. "तू तं मारूच नोको. त्याहीच्या नावाचं कुंकू लावतं."

इतक्यात एक कुल्फीवाला सायकलवरून घंटी वाजवत आला. परतवाड्याचा माणूस, गावात कोणाचा कोणी नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. त्याला थांबवून, समजावून, हातात तुराटी दिली. त्याने "जय बजरंग!" म्हणत माझ्या खांद्यावर सपकन ओढली. मी मरायला नुकताच वाकलो होतो, तोच बाळूभाऊंनी झेप घेऊन त्याची गचांडी धरली.

"आमच्या जवायाले मारतं काय बे!"

"अरे, तुमीच तं मार म्हने!"

"म्हन्लं म्हून काय मारतं?"

चार माणसं धावली. झॉम्बीला म्हणजे मलाच मध्ये पडून कुल्फीवाल्याचा जीव वाचवावा लागला. तो बिचारा घंटी न वाजवता निघून गेला.

"केतके, दिवस कलला बरं," प्रकाश शांतपणे म्हणाला. "शेवट नाई तं पिच्चर नाई."

केतकीचे डोळे भरून आले. बांबू हातात तसाच. मला फार वाईट वाटलं. सगळी गणितं सोडवता येणाऱ्या माणसाला एक साधं मरण जमू नये! मी म्हटलं, "आपला आपण पडून मरतो." तर प्रकाश म्हणाला, "उगाच काहून मरन कोनी? कारन पायजे."

तेव्हा सासूबाई चुलीजवळून उठल्या. "रडू नोको वो बाई. जवायाले मारायची आपली जुनी पद्धत हाये. रोडगे आना!"

रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले. एक खाल्ला की माणूस संध्याकाळपर्यंत वाद घालत नाही. ताट आलं. सोबत वांग्याची भाजी, वरून तुपाची धार. आणि ज्या गावाला दिवसभर माझ्यावर हल्ला करता येत नव्हता, ते गाव एकदिलाने माझ्यावर तुटून पडलं!

"घ्या जवाईबापू!"

"नको, नको, मी..."

"मामाजी, बोलू नोका!" केतकी किंचाळली. "झॉम्बी बोलत नाई!"

झालं! मला फक्त "आऽऽ" म्हणायची परवानगी. "आऽऽ" म्हटलं की तोंड उघडायचं, तोंड उघडलं की रोडगा आत! शांताकाकू आल्या, "तिच्या घरचा घेतला, अन् आमचा नाई?" बाळूभाऊ आले, "माही आन हाये, हा एक!" सकाळी राम राम करून पळालेले आजोबाही हातात तुपाची वाटी घेऊन आले. नाही म्हणायला मी दोन्ही हात हवेत हलवले, तर केतकी म्हणाली, "वा मामाजी, काय तडफड करून राहिले!" शेवटचा घास पोटात उतरला, डोळ्यांपुढे कपाशीची बोंडं फुटली आणि मी ताटाशेजारी आडवा झालो. अभिनय वगैरे काही नव्हता. मला खरोखरच उठता येत नव्हतं.

प्रकाश खो खो हसत खाली बसला. खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसत म्हणाला, "मेला बा जवाई! झाला पिच्चर! जाय पोरी पुण्याले!" सूर्य तेव्हा निंबाच्या शेंड्यावर टेकला होता. केतकी बापाच्या गळ्यात पडली. तिच्याकडे पाहून मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या असत्या, पण हात पोटावरून पलीकडे पोचेनात.

केतकी पुण्याला गेली. पहिल्याच महिन्यात तिने वर्गात तो सिनेमा दाखवला आणि रात्रीची जेवणं व्हायच्या आत मला फोन केला.

"मामाजी, सर लय हासले! म्हने गाव खरं वाटते, शांताकाकू खऱ्या वाटतात, बकरी तं लयच खरी."

"आणि मी?" मी खुर्चीत सावरून बसलो.

"तुमच्या सीनमंदी त्याहीनं एकच चूक काढली. म्हने, शेवटी मुडद्याच्या जागी तुमी जो पुतळा ठेवला ना, त्याच्या पोटात कापूस जरा जास्त भरला."