दादाच्या गाडीतला लपलेला मोड

चहा येतोय तोवर ऐकून घ्या. हसू आलं तर खुशाल हसा, मी स्वतःसुद्धा हसतो कधीकधी. पण गाडीला हसू नका, तिची काही चूक नव्हती. चूक सगळी माझी. आणि तीही कुठली, तर ज्या कामाचा मी पगार घेतो, त्याच कामातली.

मी कारेगावात राहतो आणि शेजारच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीनच्या डोक्यात जो प्रोग्राम असतो, तो बिघडला की मला बोलावतात. आमच्या पॅनेल रूमच्या दारावर मी स्वतःच्या हातानं पाटी रंगवून लावली आहे: 'आधी बॅकअप, मग हात.' म्हणजे जुना प्रोग्राम जपून ठेवल्याशिवाय कशालाही शिवायचं नाही. तिवारी म्हणून बिहारचा एक टेक्निशियन आहे, त्याला हे इतक्या वेळा ऐकवलंय की तो माझ्यामागं मला 'बॅकअप सर' म्हणतो. मला माहीत आहे. मला ते आवडायचंसुद्धा.

आमचं गाव खुटबाव. तिथं आई आणि वहिनी असतात. थोरला भाऊ मिलिंददादा कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज होता. दादा सहा फूट. मी सव्वापाच. एकाच आईबापाची पोरं, पण उंची वाटताना कुणीतरी गडबड केली. लहानपणी दादाच्या पँटी खालून कापून मला मिळायच्या. दहावी होईस्तोवर मी नवी पँट बघितली नाही.

तर या दादानं एक गाडी घेतली. जुनीच, पण जर्मन. चार दारांची, बाहेरून दिसायला गरीब गाय, आत इंजिन मात्र शर्यतीचं. गावात लोक म्हणायचे, आपल्या रस्त्याला ही गाडी कशाला? दादा म्हणायचा, "रस्ता खराब हाय म्हणून मन बी खराब ठिवायचं का?"

त्या गाडीत चालवायचे तीन मोड होते. इको, कम्फर्ट आणि स्पोर्ट. पण दादानं कुठलेकुठले व्हिडिओ बघून शोधून काढलं होतं की आत चौथाही आहे, स्पोर्ट प्लस. कंपनीनं तो आपल्या मॉडेलमध्ये लपवून ठेवलाय.

"तू मशिनीचा माणूस हाइस," तो मला दर भेटीत म्हणायचा. "उघड की त्यो."

"उघडू की. सुट्टी मिळू दे."

असं मी तीन वर्षं म्हणालो. मागच्या वर्षी दादा झोपेतच गेला. बेचाळीस वर्षांचा होता, आजार ना बिजार. सुट्टी मला तेव्हा लगेच मिळाली.

त्यानंतर गाडी घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभीच होती. चाव्या दोन. एक माझ्याकडं आणि एक दादाची, निळ्या फितीची, ती वहिनींकडं. वहिनी दर रविवारी सकाळी दादाच्या चावीनं गाडी उघडायच्या, दहा मिनिटं आत बसायच्या, काच पुसायच्या आणि बंद करून यायच्या. मी मनात म्हणायचो, बघा, किती हुशार बाई. गाडी नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरते, म्हणून चालू करून ठेवतात. माझ्यासारख्या माणसाला दुसरं काय सुचणार?

वर्ष भरलं. रविवारी दुपारी विहारात दादाचं पुण्यानुमोदन ठरलं. भन्तेजी येणार, मग सगळ्यांचं जेवण. मी शनिवारी सकाळीच गावी पोचलो आणि ठरवलं, दादाचं एक काम राहिलंय, ते आज करायचं.

स्टिअरिंगच्या खाली एक खोबण असते, तिच्यात काडेपेटीएवढं यंत्र बसवायचं. ते मोबाइलशी जोडलं जातं आणि गाडीचा सगळा प्रोग्राम मोबाइलवर दिसतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, काय करताय?" मी म्हटलं, "सर्व्हिसिंग." उद्या सगळ्यांना चकित करायचं होतं ना. निळ्या फितीची चावी मागून घेतली, कारण माझी कारेगावला राहिली होती.

आता तुम्ही म्हणाल, बॅकअप घेतला का? घेतला. दोनदा घेतला. एक मोबाइलवर, एक पेनड्राइव्हवर. मी काय येडा आहे?

मग चौथा मोड उघडला. शेवटी पडद्यावर इंग्रजीत एक परिच्छेद आला आणि खाली 'होय' आणि 'नाही'. असे परिच्छेद कोण वाचतं? मी 'होय' दाबलं. गाडी दोन सेकंद झोपली, परत जागी झाली आणि मला विचारायला लागली, भाषा कुठली, तारीख कुठली, तुमची सीट कशी हवी. मी सीट पुढं घेतली, वर घेतली, आरसे वळवले आणि निघालो.

सोलापूर हायवेला लागलो आणि स्पोर्ट प्लस दाबला. गाडी अशी गुरगुरली की अंगावर काटा आला. मी एकटाच गाडीत मोठ्यानं म्हणालो, "उघडला रं दादा." आणि रडलो. खोटं कशाला सांगू, कुरकुंभच्या घाटापर्यंत रडत गेलो आणि रडत परत आलो. वाटलं, एक ओझं उतरलं.

रविवारी सकाळी मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो. आई शेजारी लसूण सोलत होती. वहिनी नेहमीसारख्या निळ्या फितीची चावी घेऊन शेडमध्ये गेल्या. गाडीचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. मी मनात म्हणालो, आता बघतील चौथा मोड.

वहिनी दार उघडून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, हितं कोण बसलं हुतं?"

मी गेलो. गाडीची सीट पुढं आली होती. अगदी पुढं, स्टिअरिंगला पोट लागेल अशी. वर उचललेली. आरसे खाली बघत होते. माझी बैठक. सव्वापाच फुटाची.

"मीच बसलो होतो. का?"

"ह्यांची चावी लावली की ती मागं जायची," वहिनी म्हणाल्या. "सीट. आरसे वळायचे. ह्ये येऊन बसल्यावानी वाटायचं."

हातातला कप कुठं ठेवू ते मला कळेना. वर्षभर मी जिला बॅटरी म्हणत होतो ती ही बॅटरी होती. वहिनी दर रविवारी निघताना सीट पुढं सारून ठेवायच्या, पुढच्या रविवारी दार उघडून बाजूला उभ्या राहायच्या, सीट सरकत सरकत दादाएवढी मागं जायची, आणि मग त्या पलीकडून जाऊन डाव्या सीटवर बसायच्या.

"काळजी करू नका वहिनी," मी म्हणालो. "माझ्याकडं बॅकअप हाय."

काय रुबाबात म्हणालो. पेनड्राइव्ह आणला, यंत्र लावलं, जुनं सगळं परत भरलं. स्पोर्ट प्लस गेला. सीट तिथंच. मोबाइलवरचा दुसरा बॅकअप भरला. सीट तिथंच. मी घामाघूम. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. शेवटी लाज सोडून तिवारीला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि अगदी हळू विचारलं, "सर, बैकअप लिया था ना?"

"दोनदा घेतला रे."

"तो सर, सीट की मेमरी उसमें नहीं आती. वो तो आदमी बैठके बटन दबाता है, तब सेव होती है."

माणूस बसल्याशिवाय ती सेव्हच होत नाही. आणि जुनी पुसली जाईल, हे त्या न वाचलेल्या परिच्छेदात लिहिलेलं असणार. हे मला माहीत असायला हवं होतं. पाटी रंगवणारा मीच.

  तेवढ्यात आई लुगड्याला हात पुसत शेडमध्ये आली. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता फटका बसतोय. आई नुसती म्हणाली, "सर बाजूला," आणि मागचं दार उघडून दादाच्या सीटमागं जाऊन बसली.

आता हे तुम्हाला सांगायला हवं. दादा असताना आई गाडीत नेहमी त्याच्याच मागं बसायची आणि नेहमी एकच तक्रार करायची, की माझं गुडघं अडत्यात, सीट पुढं घे. दादा म्हणायचा, "मंग माझं पाय कापू का?" दौंडपर्यंत हेच भांडण चालायचं.

"बस तू म्होरं," आई मला म्हणाली. "आन् घे मागं."

मी बसलो, बटण दाबलं. सीट सरकायला लागली.

"अजून."

सरकली.

"अजून घे. न्हाई अडलं."

"आई, लागंल गुडघ्याला."

"लागू दे. घे."

सीट जाऊन टेकली. आईनं गुडघ्यांवर हात फिरवला. मग म्हणाली, "हां. हितंच."

वहिनी तोवर डाव्या सीटवर येऊन बसल्या होत्या. "पाठ बी पाडा जरा," त्या समोर बघत म्हणाल्या. "ह्ये बसलं की मला खिडकी दिसत नव्हती, ह्यांचा कान दिसायचा. अजून थोडी. आता तुमचं डोकं न्हाई पुरत तिथं, पर ऱ्हाऊ द्या."

मी मेमरीचं बटण दाबून धरलं. गाडी 'टुंग' वाजली.

तसं बघायला गेलं तर वर्षभरात आई पार वाळली आहे. तिचे गुडघे आता किती पुढं येतात आणि तेव्हा किती यायचे, कोण सांगणार? एखादं बोट इकडं तिकडं झालंच असेल. हे माझ्या तोंडाशी आलं होतं. बरं झालं गिळलं. आयुष्यात तेवढी एक गोष्ट मी न बिघडवता सोडली.

बारा वाजत आले. विहारात जायची वेळ झाली. आई मागून हलेना, वहिनी डावीकडून हलेनात. मी म्हटलं, "आता सीट पुढं घेतो, गाडी चालवायची हाय. सेव्ह झालंय आई, चावी लावली की परत मागं जाईल."

"काल बी मोठा शाणा व्हतास," आई म्हणाली. "बटणाला हात लावायचा न्हाई."

"अगं पण माझा पाय पुरत न्हाई ब्रेकला."

वहिनी उतरल्या आणि घरातून दोन उशा आणि एक गोधडी घेऊन आल्या. त्या माझ्या पाठीमागं कोंबल्या. एक उशी बुडाखाली. तरी पाय पुरेना, तेव्हा मी सीटच्या काठावर आलो, स्टिअरिंग छातीशी धरलं, आणि शर्यतीचं इंजिन असलेली गाडी इकोमध्ये, बैलाच्या चालीनं, विहाराकडं निघाली. उसाचा एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट हॉर्न देऊन पुढं निघून गेला. ड्रायव्हरनं वळून बघितलं. मागून आईचा आवाज आला, "गुडघं अडत्यात." आणि लगेच, "ऱ्हाऊ दे, घेऊ नको पुढं."

वहिनी खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मला काठावरून वळून बघता येईना.

विहारापुढं मांडवात सगळे पाहुणे उभे होते. पांढऱ्या कपड्यांतली शंभर माणसं, आणि त्यांच्यासमोर मी गोधडी-उशांसकट गाडीतून ओघळलो. नानामामा, म्हणजे आईचे भाऊ, पुढं आले. एकदा गाडीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"काय रं, लई हळू आणलीस. मिलिंद तर वाऱ्यावानी आणायचा. गाडीत बिघाड हाय का काय?"

"गाडीला काय न्हाई झालं मामा," मी म्हणालो. "ड्रायव्हर आखूड पडला."