भासरे आणि रेडिएटरचा पाइप

वास गोड होता. कढईत गुळाचा पाक करपू लागला की येतो तसा, पण त्याच्या पाठीमागे तापलेल्या रबराची कडसर झाक. मौद्याच्या कॉलेजात मी कविता शिकवते. हुडकेश्वरहून तिथवर रोज स्वतः गाडी चालवत जाते, आणि तो आठवडाभर हा वास माझ्यासोबत जात-येत होता. घरी परतल्यावर पोर्चच्या फरशीवर, गाडीखाली, हिरवट ओल दिसे. बोट लावले तर चिकट. इंजिन थंड ठेवणारे कूलंट कुठूनतरी गळत होते.

घरात मात्र निदान आधीच झाले होते. माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, ते जाहीर केले होते: "इंजिन बसलं." कूलंट ही त्यांच्या मते कंपन्यांची लूट, म्हणून मी भरलेल्या कूलंटवर वर्षानुवर्षे ते रेडिएटरात लोट्याने नळाचे पाणी ओतत. वरच्या पाइपाला चीर पडलेली त्यांना दिसली होती. तिच्यावर त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी तारेने आवळली, आणि तरीही गळती थांबेना, तेव्हा दोष पट्टीचा नाही, पाइपाचाही नाही, इंजिनाचाच, असा निष्कर्ष काढून ते खुर्चीत परत जाऊन बसले.

आमच्याकडे भासरा धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाही. जुन्या पिढीत त्या अबोल्याला काही अदब असेल. आमच्या घरी अदब कधीच वाळून गेली होती, उरली होती ती सोय. माझ्याविषयी काहीही बोलावे, मला उत्तराचा अधिकार नाही. नवरा घरी असला की "सांग तिले", आणि तो मिहानला कामावर गेलेला असला की पोर्चमधली तुळस. अठरा वर्षे हे गृहस्थ माझ्याशी एका कुंडीमार्फत बोलत आले.

"सांग तिले, रविवारी माणूस येऊन राहिला गाडी पाह्यले. देऊन टाकू. भंगारात जाण्यापेक्षा बरं."

मी शेजारीच भाजी निवडत होते.

"दादा म्हणते तं बरोबरच असंल," नवरा म्हणाला. विमानांच्या देखभालीच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या या माणसाने स्वतःच्या बायकोच्या गाडीचे बोनेट एकदाही उचलले नव्हते.

गाडी माझ्या पगारातून घेतलेली, कागद माझ्या नावाचे. सकाळच्या पहिल्या तासाला मौद्याला पोहोचवील अशी बस आमच्या बाजूने नाही. गाडी गेली की कॉलेज गेले, हे दोघेही जाणून होते. भासऱ्यांना पोर्चमधली जागा हवी होती, मुलाच्या नव्या गाडीसाठी. एवढ्यासाठी एका इंजिनाला मारून टाकणे त्यांना जड गेले नाही.

शनिवारी मी नवा पाइप, दोन क्लिपा आणि कूलंटचा डबा घेऊन आले. इंजिन पुरते निवल्यावर खाली घमेले सरकवले आणि स्क्रूड्रायव्हर घेतला. भासरे पोर्चमध्येच वर्तमानपत्र धरून बसले होते.

"तुळसाबाई, पाहून राहिली ना वं? आता कविता करून गाडी दुरुस्त होणार आहे."

जुना पाइप रेडिएटरच्या नळीला घट्ट चिकटला होता. ओढून निघेना. मी चाकूने त्याला उभा छेद दिला.

"भेंडी कापून राहिली, भेंडी! आता फोडणी देईल."

"चूप बसा ना जी," आतून जाऊबाई म्हणाल्या, "लोक आयकतेत."

"म्या तं तुळशीले बोलून राहिलो."

पाइप सोलून काढला तेव्हा रबराचा जुना, आंबट वास हाताला लागला. आतून तो पांढऱ्या खरपुड्यांनी भरला होता, पाणी तापवायच्या बंबात बसतात तशा. भासऱ्यांच्या लोट्यातल्या पाण्याने केलेले हे काम. नळीवरचा थर मी खरडून काढला. बोटाखाली धातू गुळगुळीत लागेपर्यंत खरडला. मग नवा पाइप साबणाच्या पाण्याने ओला करून चढवला, क्लिपा आवळल्या, कूलंट भरले आणि झाकण उघडेच ठेवून गाडी सुरू केली. अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येऊ लागली. त्या आवाजात तुळशीशी चाललेले संभाषण ऐकू येईनासे झाले, हे मला फार आवडले. बुडबुडे थांबल्यावर झाकण लावून मी गाडी मोठ्या रस्त्यापर्यंत नेऊन आणली. तापमानाचा काटा अर्ध्यावर चढला आणि तिथेच राहिला.

रविवारी गिऱ्हाईक आले. पोट सुटलेला, चुरगळल्या सदऱ्यातला माणूस. त्याने गाडी सुरू केली, डोळे मिटून इंजिन ऐकले, खाली वाकून फरशी पाहिली. फरशी कोरडी होती. घरात गाडीतले काही कळणारा पुरुष त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता.

"इंजिन तं एकदम मस्त आहे, भाऊ. काहून इकून राहिले गा?"

भासऱ्यांनी घसा खाकरला. इंजिन बसलेले नाही, हे कबूल करताना क्षणभर तरी लाज वाटायला हवी होती. ती वाटल्याचे मला दिसले नाही. ते ताठ झाले आणि म्हणाले, "आमच्या घरी सामान जपूनच वापरते सगळे."

"मंग आजच घेऊन जातो."

नवरा चपलेच्या अंगठ्याकडे पाहू लागला. मी चावी मुठीत आवळली, तिचे दात तळव्यात रुतेपर्यंत, आणि त्या माणसाला सांगितले, "गाडी माझी आहे. ती विकायची नाही." ती मूठ मी त्या दिवशी उघडली नाही, आणि सोमवारी पहिल्या तासाला मी वर्गात होते. पण त्या क्षणी, माझे वाक्य जणू झालेच नाही अशा चेहऱ्याने भासरे खुर्चीतून उठले, नवऱ्याला ओलांडून, तुळशीला ओलांडून माझ्यासमोर आले, अठरा वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिले, हात पुढे केला आणि मला म्हणाले,

"चाबी."