लेकीच्या गालावरचा वांग

माझी लेक एका फोटो स्टुडिओत कामाला आहे. फोटो काढायचं काम मालकांचं, चेहरे साफ करायचं तिचं. कॉम्प्युटरवर चेहरा मोठा करून ती पुटकुळ्या काढते, डोळ्यांखालचं काळं उजळवते, दाताला लागलेली लिपस्टिक पुसते. मालक तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतात. "यांच्यामुळे आपल्या गल्लीत एक सुरकुती शिल्लक राहिली नाही," असं गिऱ्हाइकांना सांगतात. बारा वर्षं झाली. रस्त्यात कुणी भेटलं तरी लेक आधी चेहरा तपासते, मग ओळख देते.

तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर वांग आला तो सहाव्या महिन्यात. दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर, तपकिरी. "बाळंतपण झालं की जाईल हो," सगळ्या म्हणाल्या. आठव्या महिन्यात बाळाचं हलणं थांबलं. मुलगी होती. ती गेली, वांग राहिला.

लेक दवाखान्यात असतानाच मी तिचं घर आवरलं. दुपटी, टोपडी, हातभर गादी, सगळं जावयांना सांगून देऊन टाकलं. घरी आल्यावर तिने कपाटाचा खालचा कप्पा उघडला, रिकामा पाहिला आणि बंद केला. मला वाटलं, बरं केलं मी.

मग उरला चेहरा. तोही मीच हाती घेतला. माझ्या बहिणीने एक ट्यूब सुचवली. "पंधरा दिवसांत लख्ख! माझ्या सुनेला बघ की." औषधवाल्याने चिठ्ठी मागितली नाही आणि मी, एवढी शिकलेली, ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली नाहीत. माझ्याच बोटाने लावायचे. लेक लहानपणीसारखी तोंड पुढे करायची. पंधरा दिवसांत खरंच उजळली. पुढच्या महिन्यात गाल लालबुंद झाले, साध्या पाण्याने चुरचुरायला लागले. कातडी इतकी पातळ झाली की खालच्या शिरा दिसायच्या. ट्यूब थांबवली, तर वांग पहिल्यापेक्षा गडद होऊन परत आला.

आणि तेव्हा मला डाव्या गालावरचा आकार दिसला. खाली गोलाई, वर चार-पाच बारीक टोकं. कुणी एवढासा तळवा टेकवावा तसा. एकदा दिसला तो दिसलाच. भाजी चिरताना मान वर केली की समोर तो. ती डुलकी काढायला आडवी झाली की उशीवर तो. मी तिच्या उजव्या बाजूला बसायला लागले.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. या बाई आमच्याकडे तीन महिन्यांतून एकदाच येतात. ट्यूब पाहून माझ्यावरच उखडल्या. "यात स्टेरॉइड आहे, आजी. चेहऱ्याला असं मनाने फासायचं नसतं." मग लेकीला शांतपणे समजावलं. वांग म्हणजे मळ नव्हे, तो घासून निघत नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी जास्त काम करायला लागतात. गरोदरपणात शरीरात जे बदल होतात त्यांनी, उन्हाने, चुलीच्या धगीनेसुद्धा. आधी गाल शांत होऊ द्यायचे. सनस्क्रीन ढगाळ दिवशीही, बाहेर असलं की दर दोन-तीन तासांनी. महिन्याभराने रात्री लावायचं क्रीम, तेही मसुराएवढंच. "आणि दर पंधरा दिवसांनी एकाच उजेडात फोटो काढून मला पाठवायचा."

"फोटोचं मला सांगताय?" लेक हसली. कितीतरी दिवसांनी.

फोटो जात राहिले. प्रत्येक फोटोत वांग आधीपेक्षा फिका. डॉक्टर कळवायच्या, "छान, चालू ठेवा." मी फोटो बघायचे, मग जेवायला बसलेल्या लेकीकडे बघायचे. तो तळवा होता तिथेच होता. माझंच डोकं फिरलं असं वाटायला लागलं. चष्म्याचा नंबरसुद्धा तपासून आले.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी दिवा तिच्या गालावर धरला, फोटो शेजारी ठेवला आणि विचारलं, "हा चेहरा कुणाचा?"

"सवयीने हात गेला असेल हो," मीच घाईने म्हणाले. "धंदाच तो तिचा."

"सवयीने नाही," लेक म्हणाली. "दर वेळी थोडं थोडं मीच कमी केलं. क्रीम उघडलंच नाही." माझ्याकडे न बघता तिने डॉक्टरांना विचारलं, "काहीच लावलं नाही, तरी जातो का हा?"

"गरोदरपणातला वांग कधी कधी वर्षभरात आपोआप फिका होतो. नाही झाला तरी त्याने धोका काही नसतो."

"म्हणजे जाऊ शकतो." तिने डावा गाल हाताने झाकला.

डॉक्टरांनी दिवा बंद केला. त्यांना माझ्याआधी कळलं. "घाई नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तेव्हा सुरू करू. उन्हापासून तेवढं जपा."

जिना उतरताना ती मध्येच थांबली. "आई, तिच्यामुळे आलेलं एवढंच राहिलंय. बाकीचं तू आवरलंस." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "सगळ्यांची तान्ही बाळं माझ्या स्क्रीनवर येतात गं. तिचा एक फोटो नाही माझ्याकडे."

तेव्हा मला सांगावंच लागलं. लेक गुंगीत असताना नर्सने मला विचारलं होतं, "एखादा फोटो काढून ठेवू का? काही जणींना नंतर हवा असतो." मी म्हटलं होतं, नको.

ती दोन पायऱ्या खाली उतरली. आता ही मला सोडून निघून जाणार, असं वाटलं.

"तू पाहिलंस तिला?"

"हो."

"सांग मग."

"नाक तुझं होतं. केस दाट, काळेभोर. अगदी झोपल्यासारखी..."

"आई," ती म्हणाली, "साफ करून सांगू नकोस."

मी कठडा धरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ओठ निळेकाळे पडले होते. कपाळावरची कातडी एका बाजूने सुटली होती. मुठी मिटलेल्या नव्हत्या, बोटं पसरलेली होती. एका कानाची पाळी दुमडलेली होती.

"कुठल्या?"

"उजव्या," मी म्हणाले.