वाळूत रुतलेली जीप

मुलीच्या शिबिरासाठी जुना तंबू उलगडला आणि जाड कापडाचा कुबट वास आला. मी दहा वर्षांचा असताना बाबांनी हाच तंबू घेऊन आम्हाला नागपूरहून जीपने जैसलमेरपुढच्या वाळवंटात नेलं होतं. चौथ्या दिवशी भर दुपारी जीप वाळूत रुतली. तासभर वाळू उपसूनही हलेना, तेव्हा बाबा मटकन खाली बसले आणि रडू लागले.

"आई, बाबा काहून रडून राहिले?"

"थकले ते. बसू दे त्याईले जरासे," म्हणत आईने फावडं उचललं.

शेवटी उंटवाल्यांनी जीप ओढून काढली. त्या रडण्याची मला कित्येक वर्षं लाज वाटायची. आता आई तीन आठवडे धंतोलीच्या दवाखान्यात आहे. मी रोज घरी येऊन सगळ्यांशी हसून बोलतो. बाबांसारखं चारचौघांत बसून रडणं मला अजून जमलेलं नाही.