अकरा फिकट डायनासोर

अकरा खेळण्यांची ती तक्रार आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्तीनंतर मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील विसरायला लागले आहे, पण ही तक्रार काही डोक्यातून जात नाही.

दसऱ्याचा बंदोबस्त चालू होता. म्हैसूरमध्ये त्या दिवसांत ठाण्यातले निम्मे लोक रस्त्यावर असतात. मी तेव्हा निरीक्षक होते आणि रोज सकाळी कामांची यादी करायचे. त्या दिवशी यादीत चौदा कामं होती. पंधरावं स्वतःच्या पायांनी चालत आलं.

हिनकलच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत राहणारा, चाळिशीचा, कॉम्प्युटर कंपनीत नोकरी. आमच्याच समाजातला, म्हणजे म्हैसूरच्या जुन्या रंगारी मराठी कुटुंबांपैकी.

"अक्का, मोठी चोरी झाली."

"ठाण्यात मॅडम म्हणायचं. काय गेलं?"

"डायनासोर."

ठाणे अंमलदारानं पेन खाली ठेवलं.

"खेळण्यातले, मॅडम. पण खेळायचे नव्हेत, संग्रहातले. अकरा नग."

त्यानं फाइल उघडली. प्रत्येक प्राण्याचा फोटो, पोटावरचा ठसा, साच्याची शिवण, शेपटीवरचे चरे, रंगाची अवस्था, सगळं ओळीनं लिहिलेलं. इतकी नेटकी यादी आमच्या मुद्देमालाचीही नसते. ती मला आवडली, आणि आवडली याचाच राग आला.

"हा पाठीवर पंखा असलेला डायनासोर..."

"तो डायनासोर नाही, मॅडम. त्यांच्या फार आधीचा प्राणी."

"गेलाय ना पण?"

"हो."

"मग पुढे बोला."

काचेचं कपाट, कुलूप शाबूत, किल्ली शेजारच्या खिळ्याला. घरी कोण कोण येतं, हे विचारलं. "घरकामाची बाई. बाकी बाहेरचं कुणी नाही," तो म्हणाला. मी तसंच लिहून घेतलं. बाहेरचं नसलेलं कोण येतं, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

बाईमाणसाचा जबाब तिच्या राहत्या ठिकाणी जाऊन घ्यायचा, हा नियम मला तोंडपाठ होता. पण वेळ वाचावा म्हणून मी जीप पाठवली आणि ती काम करत होती त्या घरातून तिला बोलावून घेतलं.

ती सरगूर गावाकडची, पस्तिशीची. बसायला सांगितलं तरी उभीच राहिली.

"मी काच बाहेरून पुसते, मॅडम. आत हात घातला तर ते साहेब मोजतात. पाच वर्षं झाली, मोजतच आहेत."

"मग गेले कुठे?"

"मला काय माहीत? नेऊन करू काय? माझ्या घरात पाली काय कमी आहेत?"

महिला शिपाई हसली. घरकामाची बाई हसली नाही. "त्या लेआउटमध्ये चार घरं करते मी. तुमची जीप आली तेव्हा बाकी तिन्ही घरच्या अम्मा गेटवर उभ्या होत्या. उद्या मला कोण आत घेईल, तेवढं सांगा."

दुसऱ्या दिवशी तिन्ही घरांनी तिला येऊ नको म्हणून कळवलं. शिवाय आमच्या तक्रारदारानं लेआउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सावध राहा' असा संदेश टाकला होता. कुणी सांगितलं होतं त्याला?

मंडी मोहल्ल्यात जुन्या खेळण्यांचा धंदा करणारा एक माणूस आम्हाला खबर द्यायचा. तो म्हणाला, "एकही नग बाजारात आलेला नाही. आला असता तर पहिला माझ्याकडे आला असता." चोरीचा माल विकायला येत नाही तेव्हा तो नेणाऱ्याच्या स्वतःच्या कामाचा असतो, हा माझा अनुभव.

मग मी हिनकलला जाऊन कपाट पाहिलं. मोठे, झळझळीत, दात विचकणारे डायनासोर जागच्या जागी होते. यादी पुन्हा वाचली. गेलेल्या अकराही नगांपुढे एकच शेरा होता : 'मूळ रंग, फिकट'.

"बघितलंत?" तो म्हणाला. "हेच सगळ्यात मोलाचे. जुने, कुणी हात न लावलेले. चोर जाणकार आहे."

"की अजाण आहे? त्याला फक्त विटलेला रंग दिसला असेल."

विटका रंग नेमका कुणाच्या डोळ्यांत खुपतो? माझे रंगारी आजोबा शेजारणीच्या दोरीवरचं फिकट लुगडं पाहूनही चडफडायचे.

"तुमचे वडील कुठे असतात?"

"बाबा? बहिणीकडे, मंडी मोहल्ल्यात. रविवारी येतात जेवायला."

"बाहेरचं कुणी येत नाही म्हणालात!"

"बाबा बाहेरचे कसे, मॅडम?"

मी त्याला गाडीत बसवलं. बहिणीकडे तो या दसऱ्यात गेलाच नव्हता, आणि चोरीचं घरी सांगितलंही नव्हतं. खेळण्यांवरून वडील आधीच टोमणे मारतात म्हणे.

नवरात्रात म्हैसूरच्या घरोघरी पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात, आणि दर वर्षी त्यात काही नवं लागतं. बहिणीच्या घरी सगळ्यात खालच्या पायरीसमोर यंदा जंगल होतं. ओल्या मातीत मोहरी पेरून उगवलेलं गवत, आरशाचं तळं, आणि काठावर अकरा प्राणी. पाठी हिरव्यागार, पोटं हळदीसारखी पिवळी. केसाळ हत्तीला तांबडी झूलसुद्धा रंगवली होती. अख्ख्या मोहल्ल्यानं ते पाहून प्रसादाची उसळ खाल्ली होती.

तक्रारदारानं एक नग उचलून उलटा केला. "बाबा, मूळ रंग गेला!"

"गेलाच होता," म्हातारबुवा म्हणाले. "म्हणून तर लावला. तीन दिवस बसून लावला. पाण्यानं जाणार नाही, घासून बघ."

"मला विचारायचं तरी!"

"तू हो म्हटला असतास?"

"नाही!"

"मग? दसरा झाला की परत ठेवणार होतो."

बहीण मला म्हणाली, "अक्का, याने यंदा स्वतःहून दिले असं वाटलं मला. कौतुक करत होते मी सगळ्यांना सांगून." मग तिनं माझ्या हातात उसळीचा द्रोण ठेवला. गुन्ह्याच्या जागी मी कधी काही खात नाही. त्या दिवशी उभ्या उभ्या खाल्लं, इतका वैताग आला होता.

तक्रार मागे घेण्याचा अर्ज त्यानं तिथेच लिहिला. "ग्रुपवर मेसेज टाकतो, मॅडम. सॉरी म्हणतो."

"मेसेज नाही. त्या कामाच्या बाईला बरोबर घेऊन प्रत्येक दारात जायचं आणि तोंडानं सांगायचं. मी येते."

आम्ही तिघं गेलो. तो आधी त्याच्या शेजारच्या घरी बोलला, मग समोरच्या. मान खाली होती, पण नीट बोलला. दोन्ही घरांनी तिला दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. तिसरं घर कोपऱ्यावरचं, जिथून आम्ही तिला उचललं होतं. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पाणी दिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिनं घेतलं नाही, हे कळलं, मॅडम. पण आमच्या दाराशी जीप आली होती ना. आमच्याकडे मोठी माणसं आहेत, लोक विचारतात. आम्ही दुसरी बाई ठेवलीय."

तक्रारदार पटकन म्हणाला, "माझ्याकडे ये तू, पगार वाढवतो."

"नको, सर," ती म्हणाली. "तुम्ही मोजत बसा."

चार घरांची दोन झाली. तक्रारदाराला त्याचे अकराही नग परत मिळाले, प्रकरण कागदावर निकाली निघालं. यादी त्याची, संशय त्याचा, रंग त्याच्या बापाचा. जीप मात्र मी पाठवली होती. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक बाईचा जबाब मी साध्या साडीत, तिच्या घरी चालत जाऊन घेतला. बंदोबस्त असो की नसो.