पुसलेली पेन्सिल

कापूस काळा निघाला आणि मी हातातली काच खाली ठेवली.

काचेवरची बुरशी अशी काळी निघत नाही. काळी निघते ती पेन्सिल. म्हणजे मी मळ समजून कोणाची तरी कारागिरी पुसून टाकली होती.

जरा समजावून सांगतो. पूर्वी फोटो काचेवर उतरायचा. काचेच्या एका बाजूला मसाला, त्यावर उलटं चित्र, गोरं ते काळं. स्टुडिओवाले त्या मसाल्यावर टोकदार पेन्सिल चालवायचे. चेहऱ्यावरचे डाग भरले की कागदावरच्या फोटोत ते गायब. याला रिटचिंग म्हणतात. सरकारी फोटो विभागात तीस वर्षं घासली, हे मला माहीत नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणू? पण निवृत्तीनंतर जुन्या काचा स्कॅन करून जपण्याच्या एका प्रोजेक्टवर ब्राह्मणपारा वस्तीतल्या या बंद स्टुडिओच्या पेट्या उपसत मला महिना झाला होता. घरीही एकटा, इथेही एकटा, बोलायला फक्त काचेतली माणसं. डोकं चालेनासं होतं. नियम असा की आधी स्कॅन, मग सफाई. त्या दिवशी मी उलटं केलं.

आणि काच तरी कोणाची? इंदूकाकूंच्या आईची.

काकू ऐंशीच्या पुढच्या, त्याच वस्तीत एकट्या राहायच्या. आई गेली तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. याच स्टुडिओत काढलेला आईचा एकुलता एक फोटो पुढे वाळवीनं खाल्ला होता. म्हणून रोज चार वाजता जिना चढून यायच्या.

"भाऊ, सापडली काय माही माय?"

"काकू, काचा पाहा किती हायेत. मी काय जादूगार हाओ?" मी चिडायचो. त्या हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

त्या सकाळी एका पाकिटावर त्यांच्या वडिलांचं नाव दिसलं. आनंदाच्या भरात काच काढली, पुसली आणि घोळ केला. आता स्कॅन केलं तर बाईच्या गालांवर, कपाळावर देवीचे व्रण. दाट.

प्रोजेक्टच्या साहेबांना फोन लावला.

"अंकल, ये क्या कर दिया आपने?" ते उखडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कंप्यूटर पे चिकना कर दो. अम्मा को क्या पता चलेगा?"

खरंच कळलं नसतं. अर्ध्या तासाचं काम. माऊसवर हात ठेवून बसलो. पण मग ती काकूंची माय राहिली असती का? माझी बनवलेली बाई झाली असती. हात काढून घेतला.

चारला काकू आल्या.

"काकू, काच सापडली. पण माह्या हातून चूक झाली. फोटोत होती तशी नाही दिसत आता तुमची माय." मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

त्यांनी चष्मा पुसला. खुर्ची पुढे ओढली. मग स्क्रीनवरच्या गालावर बोट टेकवलं आणि फिरवत बसल्या. मला वाटलं, आता शिव्या पडतात.

"खरखरीत होता," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मायचा गाल. हात फिरवत झोपत जाओ मी. साऱ्यांले सांगून सांगून थकली. आत्या म्हणे, फोटो पाह्य, कशी लोण्यावानी हाय, तुले काय आठवते पोट्टे! दादा बी हसे. मग मलेच वाटे, आपलंच चुकते."

"म्हणजे तुमचंच खरं निघालं की!"

"हव. पण आता सांगू कोणाले? आत्या गेली, दादा गेला. मले खोटी म्हणणारं बी कोणी राह्यलं नाही."

"मले सांगा," मी म्हणालो. मग त्या अंधार पडेपर्यंत आईबद्दल सांगत बसल्या. जाताना व्रणांसकट प्रिंट छातीशी धरून नेली.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं, 'रिटचिंग पुसले गेले. चूक माझी.' धडा सरळ आहे, आधी स्कॅन, मग सफाई. तो मी आता कसोशीनं पाळतो. चार वाजले की मान अजून दाराकडे वळते. पण काकूंचं काम झालं, त्या आता कशाला येतील?