ऑलिव्ह टॅगर्टचा खवट केक

लोकर कातरण्याच्या शेडमध्ये साडेनवाची घंटा झाली की मशीनं थांबतात आणि कातरणारे कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ होतात. त्या वेळी चहाची बादली आणि केकचा ट्रे दारात हजर पाहिजे. नऊ एकतीस चालत नाहीत. ऑलिव्ह टॅगर्ट बावीस वर्षं या टोळीसाठी रांधत होती आणि तिने एकदाही एकतीस केले नव्हते. हे ती स्वतः कधी सांगायची नाही; दुसरं कुणी सांगू लागलं तर मात्र हातातलं काम थांबवून ऐकायची.

तिचा नवरा लेन याच टोळीत कातरणारा होता. कातरण्यात बरा आणि पिण्यात पहिल्या नंबरचा. एका शनिवारी गावातून परतताना ट्रकसकट नाल्यात पडून मेला. त्याच आठवड्यात टोळीचा स्वयंपाकी पळून गेला होता, म्हणून ऑलिव्हने आठवडाभरापुरता झारा हाती घेतला. तो आठवडा बावीस वर्षं चालला. घर असं तिला नव्हतं. हंगाम संपला की डबो गावात बहिणीच्या बंद व्हरांड्यात तिची खाट असे, आणि मेव्हणा दर रविवारी जेवताना विचारे, “मग ऑलिव्ह, पुढची शेड कधी?” त्या माणसाला दुसरा विषय सुचत नसावा.

तर पहाटे चारला चूल पेटवायची. भट्टीत तळहात धरायचा आणि आकडे मोजायचे. दहाला हात ओढून घ्यावा लागला तर स्कोनचे छोटे गोल पाव, विसाला तर केक, तिशी गाठली तर आणखी एक ओंडका. सुंठीची बिस्किटं, ओटची बिस्किटं, आणि रोजच्या रोज ब्राउनी. इथली ब्राउनी म्हणजे चॉकलेटची नव्हे. मैदा, काळी साखर, मनुके, जायफळ, सोडा, आणि लोण्याच्या जागी मेंढीची वितळवून गाळलेली चरबी. हे सगळं पत्र्याच्या मोठ्या ट्रेमध्ये थापायचं, भाजायचं आणि विटेएवढे तुकडे पाडायचे. चरबी ताजी असली तर केकात तिचा पत्ताही लागत नाही. दोन तास मेंढ्यांशी झटापट केलेल्या माणसाला नाजूक काही देऊन उपयोग नसतो.

या लोकांच्या दोन रीती आहेत. पहिली, जो स्वयंपाकाला नावं ठेवील त्याने दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक करायचा. कुणी ठरवलं ते विचारू नका, पण ती मोडलेली कुणी पाहिली नाही. दुसरी, कुठलाही वाद असला की टोपी फिरवायची आणि प्रत्येकाने तीत आपल्या मताची चिठ्ठी टाकायची. मेंढ्या ओल्या आहेत की कोरड्या, म्हणजे आज कातरायच्या की नाही, यावरसुद्धा हे चिठ्ठ्या टाकतात. स्वयंपाकी ठेवायचा की घालवायचा हेही टोपीच ठरवते. म्हणजे तोंडाने कुणी काही बोलणार नाही, आणि एक दिवस टोपी तुम्हाला ट्रकमध्ये बसवून देईल.

ऑलिव्हला टोपीची भीती कधी वाटली नव्हती. पण दोन हिवाळ्यांपूर्वी बहिणीच्या व्हरांड्यात तिला फ्लू झाला. ताप उतरला आणि नाक गेलं. तिने कॉफीच्या डब्यात नाक खुपसलं, मग कापलेल्या कांद्यात, मग रॉकेलच्या बाटलीत. काही नाही. जिभेला गोड-खारट कळायचं, आंबट-कडू कळायचं, बाकी सगळा पुठ्ठा. स्वयंपाकिणीला वास येत नाही म्हटल्यावर तिला ठेवणार कोण? तिने ही गोष्ट कुणालाही, अगदी बहिणीलाही, सांगितली नाही.

मग ती कानाने भाजू लागली. केक कच्चा असतो तोवर आत बारीक चरचर चाललेली असते. ती थांबली की झाला. अंडं पाण्यात तरंगलं की फेकायचं. मांस बोटांना चिकट लागलं की फेकायचं. यावर तिने दोन हंगाम काढले, कुणाला संशय आला नाही, आणि मनातल्या मनात ती स्वतःवर भलतीच खूष होती.

बासष्ट सालच्या ऑक्टोबरात टोळी डार्लिंग नदीपलीकडे वॉलंगरीच्या शेडला गेली. तिकडचा उन्हाळा डिसेंबरातला, पण ऊन त्या वर्षी लवकर पेटलं होतं. एरवी ऑलिव्ह चरबी स्वतः वितळवायची. इथे मेंढ्यांच्या मालकाच्या घरून मोठा डबाभर तयार आली. बाई खूष झाली, एक काम वाचलं. सोमवारपासून तिने त्याच डब्यातली चरबी वापरली.

ट्रे रिकामे परत येऊ लागले, अगदी चाटूनपुसून. नेहमी कुत्र्यांसाठी चार तुकडे उरायचे, आता चुरासुद्धा नाही. जेवणाच्या खोलीत माणसं बशीतलं संपवत होती आणि मान वर करत नव्हती.

“आणखी देऊ का रे?”

“नको, मिसेस टी. पोट भरलं.”

“छान झालंय, मिसेस टी.”

चौदा माणसं एकदम सभ्य झाली की काहीतरी बिनसलेलं असतं, हे तिला कळायला हवं होतं. पण कौतुक कुणाला नको असतं?

गुरुवारी दुपारचा चहा पोचवून ती शेडच्या मागून परत निघाली. मालकाचं म्हातारं कुत्रं सावलीत पडलं होतं. हे कुत्रं साबण खायचं, पट्ट्याचं कातडं खायचं. ऑलिव्हने ॲप्रनच्या खिशातून ब्राउनीचा तुकडा काढून त्याच्यापुढे धरला. कुत्र्याने हुंगलं, तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवून घेतलं. तिने तुकडा जमिनीवर ठेवला. कुत्रं उठलं आणि दुसऱ्या सावलीत जाऊन बसलं. तेवढ्यात तिला कुंपणाशी उकरलेली माती दिसली. पायाने जरा सरकवली, तर खाली चार दिवसांचा केक गाडलेला होता.

काहीतरी नासलं होतं, आणि काय ते तिला कळायला मार्ग नव्हता. पीठ? मनुके? साखर? स्वयंपाकघरात येऊन एकेक वस्तू तिने जिभेवर ठेवून पाहिली. गोड तेवढं गोड, बाकी पुठ्ठा.

विचारण्यासारखा एकच माणूस होता, कॉन फीनन. साठीचा कातरणारा, लेनचा जुना सोबती, टोळीचा पुढारी. टोपी फिरायची ती त्याचीच. कंबर धरल्यामुळे तो या शेडला उशिरा, बुधवारी, पोचला होता. संध्याकाळी तो पायरीवर मशीनचे दाते पुसत बसला होता, तिथे ती गेली.

“कॉन, माझ्या केकमध्ये काय बिघडलंय?”

“काही नाही. उत्तम आहे.”

“कुत्रं खात नाही.”

“कुत्र्याला काय कळतं?”

“कॉन.”

“अगं, मी बोललो तर उद्या चुलीपुढे मी. माझ्या हातचं खाऊन माणसं मरतील.”

“ही तक्रार नाही. मी विचारतेय म्हणून तू सांगतोयस.” मग तिने दोन वर्षं दाबून ठेवलेलं सांगून टाकलं. “मला वास येत नाही. अजिबात नाही. तुझ्या पायापाशी मेलेली मेंढी असली तरी मला कळणार नाही.”

कॉनने दाते पुसणं थांबवलं नाही. “माहितीय.”

“काय माहितीय?”

“नाकाचं. दोन सालांमागे टारलीच्या शेडमध्ये तुझ्या पाठीमागे भट्टीत केकची अख्खी रांग जळून कोळसा झाली आणि तू गाणं गुणगुणत बटाटे सोलत होतीस. जळक्या वासानं आम्ही नाक दाबून बाहेर पळालो.”

“आणखी कुणाला माहितीय?”

“सगळ्यांना. तो नवा ट्रेम्बाथ सोडला तर.” तो जरा चुळबुळला. “मी दर रविवारी तुझ्या कोठीत एक चक्कर मारतो. तू नदीवर धुणं धुवायला गेलीस की. जे वास मारतं ते फेकून देतो. गेल्या वर्षी हॅमचा अख्खा पाय फेकला. या रविवारी मी नव्हतो. तुझी चरबी खवट झालीय, ऑलिव्ह. अशी खवट की डोळ्यांत पाणी येतं.”

तो हॅमचा पाय कोल्ह्याने नेला असं ऑलिव्ह वर्षभर समजत होती. दोन वर्षं आपण कानांनी आणि बोटांनी निभावलं म्हणून ती मनात मिरवत होती, आणि हा माणूस मागून निस्तरत फिरत होता. ती शरमेने लाल झाली आणि मग तिला राग आला. उपकार करणाऱ्यावर येतो तसा, कुठे ठेवावा हे न कळणारा.

“आणि दुसरं म्हणजे,” कॉन म्हणाला, “ट्रेम्बाथने टोपी मागितलीय. उद्या संध्याकाळी. त्याचा हक्क आहे.”

तिने रात्रीचं वाढून झाल्यावर तो डबा लांब नेऊन पुरला. शुक्रवारी पहाटे नव्या कापलेल्या मेंढीची चरबी स्वतः वितळवली, दोनदा गाळली, आणि ब्राउनी अशी केली की तिच्या आयुष्यात तिने इतकं मन लावून काही केलं नसेल. साडेनवाला ट्रे दारात. माणसांनी पहिला घास दबकत घेतला, दुसरा बिनधास्त. नेहमीसारखे चार तुकडे उरले, ते कुत्र्याने फस्त केले. आता टोपीला केकच उत्तर देईल, असं तिने मनाशी धरलं. हरली तर व्हरांडा आणि मेव्हणा. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरी टोळी मिळत नाही.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात भांडी घासत राहिली. पलीकडे खुर्च्या सरकल्या, टोपी फिरली, मग कॉन दारात आला.

“तेरा आणि एक. तू राहतेस.”

तिने ओले हात पुसले. “सकाळचा केक बरा झाला होता ना?”

कॉन पडला सरळ माणूस. खोटं बोलायचं होतं तिथे नेमका चुकला. “चिठ्ठ्या कालच लिहून ठेवल्या होत्या त्यांनी,” तो म्हणाला. “केकचा काही संबंध नाही गं. तुला कोण घालवणार?”

तिची नोकरी टिकली होती आणि ती तिथे उभी राहून रडली. कॉनला वाटलं आनंदाने रडतेय. तो तिच्या खांद्यावर थोपटून निघून गेला. केक उत्तम असता तरी तेरा, खवट असता तरी तेरा. चौदांपैकी एकाच माणसाने तिच्या केकवर मत दिलं होतं.

शनिवारी सुट्टी. व्हिक ट्रेम्बाथ धुण्याच्या टाकीपाशी शर्ट चोळत होता. तिशीचा, दक्षिणेकडून आलेला, टोळीत कुणाशी फारसा न मिसळणारा. ऑलिव्हला हातात चरबीचा वाडगा घेऊन येताना पाहून तो सावध झाला.

“मिसेस टॅगर्ट, मी तोंडानं काही तक्रार केलेली नाही. कुणालाही विचारा.”

“चिठ्ठी तुझी होती?”

त्याने शर्ट टाकीच्या कडेवर ठेवला. मग म्हणाला, “होय. घाण लागत होतं. मी दिवसाला दीडशे मेंढ्या काढतो, मला खाणं लागतं. तुमच्याशी वैर नाही.”

“वास घे.” तिने वाडगा त्याच्या नाकाखाली धरला.

“कशाला?”

“घे म्हणते ना. मला येत नाही. ते बाकीच्यांना ठाऊक आहे, तुला नव्हतं.”

ट्रेम्बाथने वाडग्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचे कान लाल झाले. “मला माहीत असतं तर मीसुद्धा...”

“म्हणूनच तुझ्याकडे आले. ते तेरा जण माझ्यावर माया करतात. त्यांच्या नाकाचा मला आता काही उपयोग नाही. रोज सकाळी सातला स्वयंपाकघरात यायचं, वास घ्यायचा, आणि असेल ते तोंडावर सांगायचं. चुलीपुढे तुला कुणी बसवणार नाही, ते मी बघते.”

त्याने वाडगा हातात घेऊन नीट हुंगला. “ही ताजी आहे.”

“आणि कालची ब्राउनी?”

“बरी होती.”

“बरी म्हणजे काय?”

त्याने शर्ट पिळला, झटकला, तारेवर टाकला. मग म्हणाला, “कोरडी. मनुके कमी. आणि खरं सांगू का, सुंठीची बिस्किटं दातांनी तुटत नाहीत. आमच्याकडे माझी आत्या करायची, ती याहून खूप चांगली करायची.”

ऑलिव्ह तिथेच पालथ्या बादलीवर बसली. बावीस वर्षं हिंडत्या टोळीची स्वयंपाकीण, आणि तिशीचा पोरगा तोंडावर म्हणतोय की आत्या चांगली करायची. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. फ्लू झाल्यापासून कुणी तिला इतकं चिडवलं नव्हतं, आणि इतकं बरंही तिला वाटलं नव्हतं.

“तुझी आत्या,” ती दात आवळून म्हणाली, “पाक किती घालायची?”